संततिनियमनाची खात्रीची माहिती



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा कामगार चळवळीतला माणूस किमान वेतनावर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, फार तर नव्या श्रमसंहितांवर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळविला आणि चार दिवस उत्तर आले नाही. पाचव्या दिवशी निरोप आला की, विषयाचे नाव जरा मोघम ठेवता येईल काय? ‘आरोग्य आणि समाज’ असे काहीतरी. आम्ही कळविले की, नाव मोघम ठेवले तर भाषणही मोघम होईल, आणि मोघम भाषण ऐकण्यासाठी वैशाखाच्या उकाड्यात लोकांनी घराबाहेर का पडावे? चालकांनी ते मानले, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

आम्ही डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, आणि रात्रपाळीनंतरच्या सकाळी, जसे जमले तसे झाले. तेव्हा आज येथे जे सांगणार आहोत ते वाचून, डॉक्टरांना विचारून आणि पुन्हा पडताळून घेतलेले आहे. त्यात आमचे स्वतःचे असे काही असेल तर ते इतकेच, की हे प्रश्न ज्यांना पडतात त्यांच्यात आम्ही तीस वर्षे वावरलो आहोत.

कामगार संघटनेच्या माणसाला या विषयाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली आणि यवतमाळच्या आसपासच्या जिनिंगमधली माणसे आमच्याकडे येतात ती पगारासाठी, बोनससाठी, भविष्यनिर्वाह निधीसाठी, कंत्राटदाराने कापलेल्या पैशांसाठी. काम सांगून होते, अर्ज लिहून होतो, बाकीचे उठून जातात आणि एखादा मागे रेंगाळतो. चपला घालतो, पुन्हा काढतो. मग म्हणतो, “भाऊ, एक गोष्ट इचाराची होती.” ती गोष्ट काय असते? घरात पाळी चुकली आहे आणि चौथे मूल परवडणार नाही, आता काय करावे? तांबी बसविली तर ती पोटातून छातीकडे चढते, हे खरे काय? नसबंदी केलेल्या माणसाला पोते उचलवत नाही, हे खरे काय? लघवीला जळजळ होते म्हणून बाजारातल्या एका वैदूने पुड्या दिल्या, दोन हजार रुपये गेले, जळजळ तशीच आहे, आता बायकोलाही होऊ लागली आहे. बाया आम्हांला विचारीत नाहीत. त्या आमच्या संघटनेतल्या ताईंना विचारतात, आणि ताईंकडून जे आमच्या कानांवर येते ते याहून कठीण असते.

आमच्या भाषेची एक गंमत पाहा. कारखान्यात ‘पाळी’ हा शब्द आम्ही दिवसातून पन्नास वेळा मोठ्याने बोलतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, पाळी बदलून मिळावी म्हणून अर्ज. तोच शब्द बाईच्या संबंधात आला की आवाज एकदम खाली येतो. शब्द एक, परंतु एका अर्थासाठी फलक लावलेला असतो आणि दुसऱ्या अर्थासाठी कोपरा शोधावा लागतो. ज्या गोष्टीसाठी कोपरा शोधावा लागतो, तिची माहिती कोपऱ्यात बसलेल्या माणसाकडूनच मिळते, आणि कोपऱ्यात बसलेला माणूस बहुधा काहीतरी विकावयास बसलेला असतो.

या प्रश्नांना उजेडात उत्तर देण्याचा प्रयत्न मराठी माणसाने केला त्याला आता शंभर वर्षे उलटली. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपले केंद्र उघडले ते त्याच वर्षी. तेव्हा या एका बाबतीत तरी आपण साहेबाच्या मागे नव्हतो. कर्व्यांनी संततिनियमनावर पुस्तक लिहिले, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर लिहिले, आणि १९२५ साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. पदरचे पैसे घालून, वर्गणीदारांची वाट पाहत, त्यांनी ते सव्वीस वर्षे चालविले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले. पुढच्या महिन्याचा अंक निघाला आणि मासिक थांबले.

कर्वे मोठे होते, निर्भय होते, हे आता सर्वच म्हणतात. त्यांच्यावर चित्रपट निघाला, नाटक आले. आम्हांला त्यांच्या मासिकातली एक गोष्ट फार मोलाची वाटते, ती म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. लेख लिहिणारा आपल्याला जे सांगावयाचे ते सांगतो. उत्तर देणाऱ्याला मात्र समोरच्याला जे विचारावयाचे आहे तेथे जावे लागते. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो काय, पुरुषाला पुरुषाविषयी ओढ वाटते तर तो रोग आहे काय, असे प्रश्न लोक पत्राने विचारीत आणि कर्वे ते छापून त्यांना सरळ उत्तर देत. घाबरवीत नसत, उपदेश करीत नसत.

त्याची शिक्षा झाली. पहिला खटला १९३१ चा, ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून. शंभर रुपये दंड. दुसरा १९३४ चा, आणि तो या वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरूनच. त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे म्हणणे असे की, हे प्रश्न वाचकांना खरोखरच पडलेले आहेत, त्यांना उत्तर देणे हेच या मासिकाचे काम आहे. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, आणि कोणाला त्यात विकृती दिसत असेल तर ती ज्ञानानेच दूर होणार. न्यायालयाने ते मानले नाही. दोनशे रुपये दंड झाला. त्या काळी गिरणी कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी ही रक्कम! कोणाला फसविल्याबद्दल किंवा खोटे औषध विकल्याबद्दल हा दंड झालेला नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले, एवढाच गुन्हा होता.

बाहेरच्या जगातही वेगळे घडत नव्हते. पुढे हिंदुस्थानात येऊन ज्यांनी होमरूलची चळवळ केली त्या अॅनी बेझंट बाईंवर १८७७ साली लंडनमध्ये खटला झाला होता, तो संततिनियमनावरची एक लहानशी पुस्तिका छापून विकल्याबद्दल. खटल्यामुळे पुस्तिकेच्या लाखावर प्रती खपल्या, आणि बाईंची मुलगी मात्र न्यायालयाने त्यांच्यापासून काढून घेतली. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात केंद्र उघडले, ते पोलिसांनी दहा दिवसांच्या आत बंद केले. माहितीची भीती सर्वत्र सारखीच आहे. तिला पूर्व-पश्चिम नाही.

येथे आमच्या चळवळीविषयीही बोलले पाहिजे. कामगार चळवळीतले जुने लोक संततिनियमनाकडे संशयाने पाहत, आणि त्या संशयाला कारण होते. माल्थस नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७९८ साली सिद्धान्त मांडला की, गरिबांची प्रजा अन्नापेक्षा झपाट्याने वाढते म्हणून ते गरीब राहतात. मालकांना हा सिद्धान्त फार आवडला. पगार वाढवून मागितला की ते म्हणत, आधी पोरे कमी करा! आम्ही स्वतः ही भाषा वाटाघाटीच्या टेबलावर ऐकली आहे, आणि ती या शतकात. मजुरी कमी असते ती मालक कमी देतो म्हणून. कामगाराला दोन मुले असली काय अन् पाच असली काय, पगारपत्रकावर त्याचा परिणाम होत नाही. हे आम्ही तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणतो. परंतु एवढ्यावरून संततिनियमन हाच मालकांचा डाव ठरत नाही. मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, व्हावीत की नाही, हे ठरविण्याचा अधिकार ज्या बाईच्या देहावर ते वाढावयाचे तिला असला पाहिजे. मालकाच्या फायद्यातोट्याशी त्याचा संबंध नाही.

हे दोन्ही मुद्दे एका वेळी ज्याला कळले होते असा पक्ष आपल्याकडे होऊन गेला. बाबासाहेबांनी १९३६ साली स्थापन केलेला स्वतंत्र मजूर पक्ष. कामगार स्त्रीला बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेब १९२८ सालीच मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोलले होते, आणि १९२९ साली मुंबई प्रांताने तसा कायदा केला. देशातला तो पहिला. दहा वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, त्याच बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत ठराव आणला की, सरकारने संततिनियमनाच्या प्रचाराची आणि साधनांची सोय करावी. पक्षाचे सभासद रोहम यांनी तो मांडला. ठरावाच्या बाजूने अकरा मते पडली, विरुद्ध बावन्न. बाळंतपणाची रजा मागणारा आणि नको असलेले बाळंतपण टाळण्याचे साधन मागणारा पक्ष एकच होता. आमच्या संघटनांनी त्यातला पहिला अर्धा भाग उचलला. दुसरा कोणी उचलला नाही.

शकुंतला परांजपे यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. रँग्लर परांजप्यांची ही कन्या. जिनीव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कचेरीत काम करून परत आली आणि १९३८ पासून पुण्यात संततिनियमनाचे काम करू लागली. पुढे त्या राज्यसभेवरही होत्या. आमच्या संघटनेत नवीन आलेल्या मुलींना आम्ही त्यांची गोष्ट सांगतो, कारण कामगारांचे काम आणि हे काम एकाच माणसाला करता येते याचा तो चांगला दाखला आहे.

१९५२ पासून संततिनियमन हे सरकारचे काम झाले. लाल त्रिकोण आला, भिंती रंगल्या, १९६८ साली ‘निरोध’ आला. कर्व्यांचा तो शब्द रेडिओवरून ऐकू येऊ लागला. आम्ही लहान होतो तेव्हा ‘हम दो, हमारे दो’ ही पाटी वाचतच अक्षरे जुळवावयास शिकलो. परंतु पाटी ही घोषणा असते, आणि घोषणेला प्रश्न विचारता येत नाही.

पुढे काय झाले ते सभेतल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या साठ लाखांवर पुरुषांच्या. शिक्षकांना, तलाठ्यांना, ग्रामसेवकांना आकडे नेमून दिले होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली मंजूरही केले. ते कायदा होऊ शकले नाही हे आपले नशीब. १९७७ च्या निवडणुकीनंतर ‘कुटुंबनियोजन’ हा शब्द बदलून ‘कुटुंबकल्याण’ झाला, आणि सरकारने पुरुषांच्या वाटेला जाणे जवळजवळ सोडून दिले. मग ओझे गेले कोठे? ते बाईकडे गेले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी शेकडा ३७.९ ठिकाणी बाईची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषाची? शेकडा ०.३. पुरुषाची शस्त्रक्रिया लहान, विनाटाक्याची, आणि बाईची पोटातली. तरीही हे प्रमाण!

आपल्या भागात ‘तिचं ऑपरेशन झालं’ असे म्हटले की कशाचे, हे कोणी विचारीत नाही. बाईचे ऑपरेशन म्हणजे एकच. मुले झाली की ऑपरेशन. त्याआधी काही नाही, मधे काही नाही. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न, लगोलग दोन-तीन बाळंतपणे, पंचविशीच्या आत शस्त्रक्रिया. दोन मुलांत अंतर ठेवण्याची जी साधने उपकेंद्रात फुकट मिळतात त्यांची नावेही तिला कोणी सांगितलेली नसतात. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एका दिवसात त्र्याऐंशी बायांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांच्यापैकी तेरा जणींच्या आसपास मृत्यू पावल्या. १९९६ सालीच सरकारने आकडे नेमून देण्याची पद्धत कागदावर रद्द केली होती. शेवटी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा आणि शस्त्रक्रियेपूर्वी बाईला तिच्या भाषेत नीट समजावून सांगा.

तिच्या भाषेत! हे शब्द आम्हांला महत्त्वाचे वाटतात. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. बाटलीवर सूचना छापलेल्या होत्या. त्या बारीक अक्षरांत होत्या, आणि फवारणाऱ्याला वाचता येतील अशा नव्हत्या. माहिती अस्तित्वात असणे वेगळे आणि ती हवी त्या माणसाच्या हातात असणे वेगळे.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायांची तपासणी केली. १९८९ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते संशोधन प्रसिद्ध झाले. शेकडा ९२ बायांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बाया किती? शेकडा आठ. अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे, हे बाईच्या जातीला लागलेलेच असते, अशी समजूत. त्यांतले पुष्कळसे आजार साध्या औषधाने बरे होणारे. राणीबाईंनी पुढे त्या बायांशी झालेल्या बोलण्यावरून ‘कानोसा’ हे पुस्तक लिहिले. वाचनालयात असेल तर घरी न्यावे, आणि पुरुषांनी आधी वाचावे.

ही तपासणी आणि हे साधे औषध बाईपर्यंत पोचले नाही तर काय होते, ते बीड जिल्ह्याने दाखविले. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांत, पोटात दुखत असताना, पहाटे मोळ्या उचलावयाच्या. पाण्याची सोय नाही, आडोसा नाही. बाई दवाखान्यात जाते, अंगावरून जाते म्हणून सांगते, आणि तेथे तिला सांगतात की पिशवी खराब झाली आहे, काढून टाक, नाहीतर कर्करोग होईल. ती काढून टाकते. पाळीही गेली आणि खाडेही गेले. २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड कामगार बायांची पाहणी झाली. तेरा हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा-सात जणींत एक. कित्येकींचे वय तिशी-पस्तिशीचे. कमी वयात पिशवी, आणि तिच्याबरोबर पुष्कळदा बीजकोशही, काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात. तीच हाडे घेऊन तिला पुढची वीस वर्षे मोळ्या उचलावयाच्या असतात. आमच्या जिल्ह्यातल्या पुसद-उमरखेडकडच्या तांड्यांतूनही माणसे ऊसतोडीला जातात. तेव्हा हे बीडचे दुखणे म्हणून सोडून देता येणार नाही.

आम्हांला यातून एक गोष्ट दिसते ती अशी. कर्व्यांच्या काळी उत्तर देणे हा गुन्हा होता. नंतर उत्तराऐवजी घोषणा आली, घोषणेनंतर आकडा आला, आणि आता उत्तराऐवजी सुरी येते. प्रश्न ऐकून घेणारा माणूस मधल्या मधे गळालेलाच राहिला.

आता आजच्या गोष्टी. खात्रीची माहिती कोठे मिळते, हे सांगण्यापूर्वी ती कोठे मिळत नाही ते सांगतो. रेल्वेमार्गाच्या भिंतींवर, बसस्थानकाच्या मुतारीत, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ‘गुप्तरोग तज्ज्ञ, हमखास इलाज’ असे लिहिलेले असते. १९५४ सालापासून आपल्याकडे जादूटोण्याच्या औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. कामशक्ती वाढविणे, गर्भ पाडणे, गर्भधारणा टाळणे, मासिक पाळी सुरळीत करणे, या कामांसाठी औषधाची जाहिरात त्या कायद्याने करता येत नाही. सरकारी प्रचार वेगळा. म्हणून ती भिंत तुम्ही वाचली की एवढे निश्चित समजावे की, लिहिणाराने कायदा मोडून सुरुवात केली आहे. आता भिंतीची जागा मोबाईलने घेतली आहे. पोराच्या खिशात जी चित्रे आहेत त्यांवरून तो स्त्रीपुरुषसंबंध शिकतो आहे, आणि २००७ साली आपल्या राज्याने शाळांतले लैंगिक शिक्षण संस्कृतीच्या नावाने थांबविले होते! मोबाईल वाईट नाही. त्यावर चांगले डॉक्टर बोलताना सापडतात. परंतु सांगणारा शेवटी काही विकतो आहे काय, हे आधी पाहावे. साधनाचे फायदे सांगताना तो त्रासही सांगतो काय, हे पाहावे. ‘शंभर टक्के, कसलाही त्रास नाही’ असे म्हणणारा माणूस, मग तो पांढऱ्या कोटात का असेना, सोडून द्यावा. आणि निर्णय तुमच्यावर सोडतो की घाई करतो, हे तर सर्वांत आधी पाहावे. पिशवी आजच्या आज काढा म्हणणाऱ्यापासून उठून दुसऱ्या डॉक्टरकडे, शक्य तर यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात, जाऊन पुन्हा विचारावे. पिशवीला आठ दिवसांनी पाय फुटत नाहीत.

गावातली आशाताई, उपकेंद्रातल्या सिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाई, यांच्याकडे पुष्कळ साधने फुकट असतात. निरोध आहे, आणि रोगापासूनही वाचविणारे साधन तेवढे एकच आहे, बाकी कोणतेही नाही, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे. रोज घ्यावयाची ‘माला-एन’ गोळी आहे. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेने शोधलेली, हॉर्मोन नसलेली ‘छाया’ गोळी आहे. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा घ्यावयाची. तीन महिन्यांतून एकदा घेण्याचे ‘अंतरा’ हे इंजेक्शन आहे. त्याने पाळी अनियमित होते, कधी बंदही होते, आणि इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहावयास सात-आठ महिने किंवा थोडे अधिक लागू शकतात. हे आधी सांगितले तर बाई घाबरत नाही. न सांगता टोचले तर ती चार गावांत सांगते की सरकारने वांझ केले, आणि ते सांगणे तिचा दोष नव्हे. तांबी गर्भपिशवीतच राहते, छातीकडे चढत नाही. एका जातीची तांबी दहा वर्षेपर्यंत चालते आणि हवी तेव्हा काढता येते. पहिल्या काही महिन्यांत रक्तस्राव जास्त होऊ शकतो, तेव्हा अंगात रक्त कमी असेल तर आधी विचारावे. आणि एखादे वेळी चूक झालीच तर बहात्तर तासांच्या आत घ्यावयाची गोळी मिळते. जितकी लवकर तितकी बरी. ती दर आठवड्याला घेण्याची गोळी नव्हे, आणि राहिलेला गर्भ तिने पडत नाही.

राहिलेला गर्भ नको असेल तर? येथे कायद्याचे अज्ञान जीव घेते. गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१ सालचा आहे. कायद्यात बसणाऱ्या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही बायांच्या बाबतीत दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत, मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करून घेता येतो. साधन फसल्यामुळे दिवस राहिले, हे कारण कायद्यात धरलेले आहे. बाई अविवाहित असली तरी तिला हा अधिकार आहे, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. अठरा वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. आम्ही स्वतः एका कामगार भगिनीबरोबर एका दवाखान्यात गेलो होतो. तेथे नवऱ्याची सही मागितली, नवरा दारूच्या गुत्त्यावर, आणि तिचे तीन आठवडे त्यात गेले. त्या दवाखान्याचे नाव घेण्याची गरज नाही, कारण असे पुष्कळ आहेत. गर्भ मुलगी आहे की मुलगा हे तपासणे मात्र १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून भल्या बाईला घाबरविणारेही भेटतात.

रोगांविषयी थोडेच सांगतो. जळजळ, जखम, पांढरे जाणे, हे संबंधांतून लागलेल्या रोगामुळे असेल तर नवरा-बायको दोघांनी बरोबर औषध घ्यावयाचे असते. एकाने घेतले तर दुसऱ्याकडून पुन्हा येते. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात फुकट आणि गुप्त होते. १०९७ हा सरकारी फोन क्रमांक आहे. त्यावर नाव न सांगता विचारता येते.

आता पुरुषांना उद्देशून, कारण आज पुढच्या सगळ्या खुर्च्यांवर पुरुष बसले आहेत आणि भगिनी मागे उभ्या आहेत. नसबंदीने ताकद कमी होत नाही, कामेच्छा कमी होत नाही. बीज जाण्याची नळी तेवढी बंद होते, बाकी सर्व जसेच्या तसे राहते. थोडे दिवस जड उचलू नये, मग पोते उचलावे. एक गोष्ट मात्र सांगणारे सांगावयास विसरतात, आणि मग बायकोवर नसता संशय येऊन घरे मोडतात. शस्त्रक्रियेनंतर पुरुष लगेच निर्धास्त होत नाही. नळीत आधीचे बीज राहिलेले असते; तीन महिने निरोध वापरावयाचा, नंतर वीर्याची तपासणी करून डॉक्टरने सांगितले म्हणजे मगच झाले. आमच्या संघटनेने यंदाच्या मागणीपत्रात नसबंदी करणाऱ्या कामगाराला पगारी रजा मागितली आहे. व्यवस्थापनाच्या माणसाला हसू आले. मागणी कायम आहे.

आता शेवटचे. दाराशी एक पुठ्ठ्याचे खोके ठेवले आहे, त्याला फट पाडली आहे, शेजारी कागद आणि पेन्सिली आहेत. ज्याला जे विचारावयाचे असेल त्याने ते लिहून आत टाकावे. नाव लिहू नये. लिहिता येत नसेल तर मागे उभ्या असलेल्या आमच्या संघटनेच्या ताईंना कानात सांगावे, त्या लिहून घेतील. उद्या संध्याकाळी साडेसहाला याच जागी एक डॉक्टरबाई सर्व चिठ्ठ्यांना उत्तरे देणार आहेत. बायांसाठी पुढच्या खुर्च्या राखून ठेवल्या आहेत, पुरुषांनी त्या सोडाव्यात. खोके रात्री नऊपर्यंत उघडे आहे.